पुडीचा रंग

गोमा : असं नसतं रंगवत, अप्पासाहेब. आधी कापड भिजवायचं, मग रंग धरायला तुरटी, मग रंग. तुमी एकदम रंगच ओतलात.

अप्पा : हे कापड नाही, रंगारीबुवा. काचेची पट्टी आहे. तिच्यावर तुमच्या बायकोच्या कानाच्या पाळीतला रस आहे, थेंबभर.

गोमा : मंग भिजलेलंच हाय म्हना की. आनि ही लाल पुडी कंची? अगं बायजे, बघ गं! आपलीच पुडी! जर्मन शिक्क्याची, मुंबईहून येती ती!

बायजा : बघितली. माझ्याच लुगड्याला लावलीवती. दोन धुन्यात पांढरं पडलं.

गोमा : पुडीचा रंग कच्चाच. आमच्या आलाच्या झाडाच्या मुळीचा रंग बगा, लुगडं फाटंल पन रंग जायचा नाय. आमच्या चौक गावात इचारा कुनालाबी, गोमा रंगारी म्हनून. आनि तुमच्या या कर्जतच्या दवाखान्यात पुडीवर भरोसा ठेवून रगतपिती वळखतात?

अप्पा : रक्तपितीचे, म्हणजे महारोगाचे, जंतू असतात. या यंत्रातून पाहिल्याशिवाय ते दिसत नाहीत, आणि रंगवल्याशिवाय यंत्रातूनही दिसत नाहीत. आता ही पट्टी दिव्यावर तापवायची, वाफ येईपर्यंत. मग तेजाबाने धुवायची. बाकी सगळ्याचा रंग उतरतो. या जंतूंचा उतरत नाही.

गोमा : तेजाबात बी?

अप्पा : तेजाबातही.

गोमा : पुडीचा रंग?

अप्पा : पुडीचाच.

गोमा : आयला! त्यानला तुरटी कोन देतंय?

अप्पा : ते अजून आम्हालाही नीटसं कळलेलं नाही.

बायजा : म्हंजे लाल ऱ्हायलं तर मी गावाभायेर.

अप्पा : लाल राहिलं तर रक्तपिती. गावाबाहेरचं तुमचे पंच बघतील.

गोमा : पंचांनी सोमवारपतूर कागद मागितलाय. हिच्या दंडावर डाग दिसल्यापासनं कुनी कापड टाकंना आमच्याकडं. मी नदीपल्याड खोपट बी बांधून ठेवलं.

अप्पा : तपासणीच्या आधीच?

गोमा : पुन्हा सवड मिळंल न मिळंल. कूड चांगला घातलाय हां, साहेब. वाऱ्याला हलायचा नाय.

बायजा : सुंभानं माझं माप घेतलंवतं. लग्नात चोळीचं नव्हतं घेतलं.

गोमा : अगं, मंग काय करू? वाळीत टाकलं तर दोगंबी उपाशी मरू. रोज भाकर आनून दिली असती की मी. नदी वलांडून.

बायजा : पुरात बी?

गोमा : पुरात… बगू.

अप्पा : रंगारीबुवा, तो चिमटा द्या इकडे. पट्टी दिव्यावर धरायची आहे.

गोमा : चिमटा कशाला? ही बगा, धरली.

अप्पा : अहो, ठेवा खाली! बोटं भाजतील!

गोमा : कुनाची? उकळत्या हंड्यात हात घालून रंग ढवळतो मी. रंगाऱ्याचा हात मेलेलाच असतो, साहेब. धंद्यानं.

बायजा : मीच वरडते, पानी उकळलंय, हात काढा म्हनून. ह्यानला पत्ताच नसतो.

अप्पा : तुम्हीही हंड्यात हात घालता ना, बाई? तुम्हाला चटका बसतो?

बायजा : बसतो तर! मी काय दगडाची हाय?

अप्पा : आणि रंगारीबुवा, तुमचे वडील?

गोमा : बा काठीनं ढवळायचा. भित्रा मानूस.

अप्पा : हं. कान पुढे करा जरा.

गोमा : माझा? मला काय धाड भरलीया?

अप्पा : ताडून पाहायला. दोन पट्ट्या बरोबर धुतल्या की धुणं नीट झालं की नाही ते कळतं.

गोमा : हां, ही रीत मातूर बरोबर! आमी बी नमुन्याची चिंधी टाकतो हंड्यात. घ्या. आईगं… न्हाय, दुखलं नाय. उगंच वरडलो.

(अप्पांनी दुसरीही पट्टी रंगवली, दोन्ही तापवल्या, तेजाबाने धुतल्या, वरून निळ्या रंगाचा हात दिला आणि यंत्राला डोळा लावला. रंग टिकू दे म्हणून जन्मभर देवापुढे नारळ फोडलेला गोमा ‘उतर रं बाबा, उतर’ असं पुटपुटत उभा होता. अप्पा एका पट्टीवर बराच वेळ होते. दुसरीवर त्याहून जास्त.)

अप्पा : बायजाबाई, तुमची पट्टी निळी आहे. लाल काडी, म्हणजे जंतू, एकही नाही. मघाशी डागावर टाचणी टोचली, तीही चांगली कळली होती तुम्हाला. ती साधी शिबं आहेत. गंधकाचं मलम देतो.

गोमा : उतरला! बायजे, उतरला गं! पुडीचा रंग कच्चा, सांगत नव्हतो मी? लिवा साहेब, लिवा कागद! खोपटात आता शेरडं बांधू!

अप्पा : रंगारीबुवा, बसा.

गोमा : बसतो कशाला? सांजच्या आत चौक गाठतो की.

अप्पा : बसा. दुसऱ्या पट्टीवर लाल काड्या आहेत. जुड्याच्या जुड्या.

गोमा : धुवायची ऱ्हायली असंल.

अप्पा : दोन्ही बरोबरच धुतल्या.

गोमा : अजून एकडाव धुवा.

अप्पा : धुतली. तुम्ही पुटपुटत होतात तेव्हाच.

बायजा : म्हंजे ह्यांचा हात धंद्यानं नव्हता मेला.

अप्पा : नाही, बाई.

गोमा : (दिव्यावर बोट धरून) खरंच, काय लागत नाय.

अप्पा : हे बघा, पंचांनी कागद बायजाबाईंचा मागितलाय. तुमचा कोणी मागितलेला नाही. न मागितलेला कागद मी लिहीत नाही.

गोमा : नको, साहेब. कच्चं लुगडं पक्कं म्हनून मी कदी इकलं नाय. माझं बी लिवा. बायजे, तू घरात ऱ्हा. धंदा तुला येतो. खोपटात मी जातो. भ्या वाटतंय गं, पन जातो.

बायजा : जाल कसे? माप माझं हाय. तुमचे पाय कुडाभायेर येतील.

गोमा : दुमडून झोपंन.

बायजा : काय नको. जाता जाता दहिवलीत बांबू बघू. वाढवू. दोगांपुरतं.

गोमा : येडी का काय! तुला कागद मिळालाय, तू चांगली हायेस. खोपटात तुझं काय काम?

बायजा : पानी उकळलं का नाय, ते कोन सांगंल तुमाला?