मधली भिंत

राजा पार्कच्या बस स्टॉपवर आजूबाजूला सगळी हिंदी, आणि माझ्यापुढे दोघी, एक मुलगी आणि एक वयस्क बाई, मराठीत बोलत होत्या. मुलीच्या हातात पांढऱ्या कापडाचं पुडकं होतं.

“तारामतीकाकू, मेडिकलला नंबर लागला, मतलब आता पांढरा कोट लागणार. तो तुम्हीच शिवा.”

“शिवीन की. पण एकाच वर्षात बी.एस्सी.ची प्रॅक्टिकलं आणि मेडिकलच्या प्रवेशाची ती पीएमटी परीक्षा, दोन्ही कसं गं जमवलंस?”

“सकाळी कॉलेज, दुपारपासून घरी पीएमटी. क्वार्टरमध्ये इतकी शांती असायची ना. मला वाटलं, तुमचं शिलाई मशीन बिघडलंय.”

“त्याला काय धाड भरलीय? तू कॉलेजात गेलीस की शिवायला बसायचे.”

“आणि मी परत आल्यावर?”

“हातानं काजं-बटणं करायचे. आपल्या दोन क्वार्टरांमधली भिंत ती केवढीशी.”

“दिवाळीतपण?”

“दिवाळीत थोडी गिऱ्हाइकं गेली दुसरीकडे. येतील परत.”

“आई कधी बोलली नाही.”

“तिला मीच गप्प बसवलं. तू लगेच ‘चालवा, चालवा’ म्हणत आली असतीस.”

मुलीनं पुडकं काकूंच्या हातात दिलं.

“उद्या सकाळीच घेते शिवायला.”

“सकाळी नको, काकू. दुपारी शिवा. मी घरी असते तेव्हा.”