सातव्या मैलावरचं मीठ

— होय, लांबुडकी मार्था. आम्ही असंच म्हणायचो तिला. मार्था हे डेल्मरच्या आईचं नाव, आणि म्हातारी चांगली बुटकी होती बरं का, पण गाडी अठ्ठावीस फूट — पुढे विमानाचं इंजिन आणि त्याच्या मागे डेल्मर टॅगर्ट कोंबलेला, नुसतं टाळकं बाहेर. तुम्ही लोकांनी ती परत उभी केलीत म्हणता, शनिवारी त्या मिठाच्या मैदानावर आणणार म्हणता — आणा की. मी कोण अडवणार? पस्तीस वर्षं झाली. फक्त मला तिथं खुर्ची टाकून बसवू नका, आणि भाषण तर नकोच नको. गाडीपुढच्या पाटीवर काय लिहायचं तेवढंच विचारायला आलात ना? मग लिहा. ऑगस्ट त्रेपन्न, डेल्मर टॅगर्ट, ताशी अडीचशे मैलांच्या वर, पुढचा उजवा टायर फुटला, जागीच गेला. झालं. सगळ्या वर्तमानपत्रांत तेच आलं होतं.

काय म्हणालात? फुटला नाही?

हे बघा मिस्टर पेल, तुम्ही कॅलिफोर्नियाहून आलात, हौशी माणूस आहात, तुम्हाला जुन्या गाड्यांचं वेड आहे, मान्य. पण त्या दिवशी तुम्ही होतात का तिथं? मी होतो. चाक निखळून असं गेलं उड्या मारत की शेवटी दिसेनासं झालं — आणि ते सापडलंच नाही. मग तुम्हाला कुठून मिळणार? दुसऱ्या कुठल्या तरी गाडीचं असेल. ट्रकात आहे? असू दे ट्रकात. मला नाही बघायचं. — नंबर जुळतो? हवा भरली तर धरतो अजून? बरं. धरत असेल. चांगलाच टायर होता तो, अर्विडने बसवलेला. अर्विड सोरेन्सन, डेल्मरचा मेकॅनिक. त्याच्या हातचा टायर वाईट असूच शकत नव्हता, हे मी तेव्हाही म्हणायचो — म्हणजे घरी, बायकोला म्हणायचो.

माझं काम? माझं काम मिठाचं. पहाटे उजाडलं की गाड्या वेगाच्या विक्रमासाठी पळवतात तो अकरा मैलांचा पट्टा बघायचा. ती काळी रेघ असते ना मधून, ड्रायव्हरला दिशा कळावी म्हणून तेलाने ओढलेली, तीही मीच ओढायचो. तर रेघेच्या कडेने पिकअप हळूहळू न्यायची, मधे मधे उतरायचं, टाच आपटायची. मीठ पक्कं असलं की टाचेखाली खण्ण वाजतं, फरशीसारखं. ओलं असलं की वाजत नाही. बस्स, एवढीच विद्या. लोक हसायचे — हॉलिस, बुटाला विचारून सांग रे! पण मी 'चला' म्हटल्याशिवाय एकही गाडी हलायची नाही, हेही खरं.

त्या वर्षी पाऊस झाला. आठ दिवस नुसतं बसून. डेल्मरची रजा संपत आलेली, हॉटेलात माणसं कंटाळून एकमेकांवर खेकसायला लागलेली, आणि रोज सकाळी मी येऊन सांगायचो, आज नाही. आठव्या दिवशी डेल्मर सगळ्यांदेखत म्हणाला, 'हॉलिस, तू नक्की मिठाला विचारतोस की बायकोला?' सगळे हसले. अर्विड तेवढा हसला नाही. तो म्हणाला, 'तो नाही म्हणतो म्हणजे नाही. गप्प बस, डेल्मर.' असा होता अर्विड. आम्ही एका गल्लीत वाढलो — ते असो.

नवव्या दिवशी पट्टा पक्का होता. पक्का म्हणजे — रेघेवर पक्का. शंभर टक्के. सातव्या मैलाला, रेघेपासून चांगले चाळीस फूट उजवीकडे, एक जागा होती. फार मोठी नाही, या अंगणाएवढी. तिथं टाच वाजली नाही. दोन बोटं आत गेली, आणि खालून राखाडी चिखल वर आला. आता तुम्ही सांगा, चाळीस फूट! ड्रायव्हर रेघ सोडून चाळीस फूट कशाला जाईल? डेल्मर तर रेघ कधी सोडत नसे. आणि त्या एवढ्याशा जागेसाठी दहावा दिवस? परत त्या सगळ्यांसमोर जाऊन उभं राहायचं? निदान एक झेंडी रोवायची, हो, मान्य, झेंडी होती गाडीत — पण झेंडी रोवली की डेल्मर विचारणार ही कशाला, मग परत तो हशा — मी बूट पुसला आणि येऊन म्हणालो, चला.

वारा आला हो. आडवा वारा. सकाळी पान हलत नव्हतं, म्हणजे तिथं पान नसतंच, पण धुरळा नव्हता, काही नव्हतं. मी सहाव्या मैलाशी उभा होतो. मार्था गेली ती मला अजून दिसते — रेघेवरून अगदी सावकाश उजवीकडे सरकत चाललेली, एवढ्या वेगात असून सावकाश, आणि मी ओरडतोय, तिकडे नको, तिकडे नको! कोणाला ऐकू जाणार? मग ती वर उचलली गेली. किती वेळा उलटली ते मी मोजलं नाही. इतरांनी मोजलं.

दुपारी तंबूत चौकशी बसली, सगळ्यांना विचारलं. मला विचारलं, मीठ? मी म्हणालो, पक्कं होतं. एवढंच. टायरचं नाव मी घेतलं नाही मिस्टर पेल, हे तुम्ही लिहून घ्या, मी टायरचं नाव कधीही घेतलं नाही. कोणीतरी दुसराच म्हणाला, मीठ पक्कं तर मग टायरच असणार. आणि सगळ्यांनी अर्विडकडे बघितलं. मीही बघितलं.

पुढचे दोन दिवस तो मिठावर ते चाक शोधत फिरला. येऊन म्हणाला, नाही मिळालं. झालं, संपलंच मग. त्याच्या दुकानात कोण गाडी नेणार? डेल्मरची आई भर रस्त्यात त्याच्या तोंडावर थुंकली. त्याने पुसलं आणि टोपी काढून उभा राहिला. पुढे जन्मभर खाणीच्या ट्रकांवर हमाली केली. मी बोलायचो त्याच्याशी, बरं का. सगळ्या गावात मी एकटा. थेल्मा, त्याची बायको, अजून म्हणते, हॉलिस, तू तेवढा माणूस निघालास —

थांबा. ते चाक तुम्हाला मिळालं कुठं? बोला ना. लिलावात?

थेल्माकडे.

त्याच्याच शेडमध्ये? गोणपाटात बांधून? आणि रिमच्या आत — राखाडी चिखल, वाळलेला. धुतला नव्हता त्याने.

म्हणजे त्याला मिळालं होतं. दोन दिवसांत मिळालं होतं. टायर शाबूत, आत चिखल — त्याला काय, एका नजरेत कळलं असणार कोणती जागा, कोणी बघितली, कोणी सांगितली नाही. नुसतं ते चाक तंबूत आणून टाकलं असतं तरी — आणि तो म्हणाला, नाही मिळालं.

दर ऑगस्टला यायचा तो. इथंच बसायचा, तुम्ही बसलात तिथं. बियर उघडायचा आणि विचारायचा, 'हॉलिस, त्या दिवशी मीठ कसं होतं रे?' मला वाटायचं, दुःख आहे, घोळवतोय बिचारा. मी म्हणायचो, पक्कं होतं, अर्विड. तो मान हलवायचा. 'बरं,' म्हणायचा. अठ्ठावीस वर्षं. दवाखान्यात शेवटी नळ्या लावलेल्या, धड बोलता येत नव्हतं, तेव्हाही विचारलं. नर्स म्हणाली, यांना मीठ बंद आहे. आम्ही दोघं हसलो. आणि मी म्हणालो —

नाही, पाणी नको. काही नको. तुम्ही जा आता. पाटीचं मग बघू, शनिवारचं मग बघू, तुम्ही आधी जा. — अहो, उठा ना! आणि थेल्माला फोन करू नका. तिच्याकडे मी जातो. चालतच जातो, तीन तर घरं आहेत मधे.