सगुणामावशीची कालवड

—न्हाई म्हणलं ना, रामप्रसादभाऊ. टेंपो लावला तसा काढा. ह्या जुन्या बॅटऱ्या तुम्हाला मिळायच्या न्हाईत. भाव जास्त देता, ठाऊक हाय — पण तुम्हाला त्या कोरड्या पाह्यजेत, म्हंजे आतलं आसिड मी दुकानामागच्या खड्ड्यात ओतायचं, अन् तुम्ही शिसं नेऊन कुठल्यातरी शेतात भट्टी लावायची. आता नियम हाय — दुकानदारानं जुनी बॅटरी परत घ्यायची, न फोडता, आसिडासकट, नोंदणीवाल्या कारखान्याच्या गाडीत द्यायची. हसता काय? टेंभुर्णीत कोण पाळतंय म्हणून? मी पाळून राह्यले. एकटी तर एकटी.

प्रदूषणवाल्या साहेबाला भ्याले म्हणता? साहेब एकदा आल्ता, चहा पिऊन गेल्ता, त्याला कोण भितंय! आमचे मालक अंथरुणावर पडले तवापासून दुकान मी चालवते — ह्या हातानं बॅटऱ्या फोडल्यात, हे डाग बघा. तुम्हीच म्हणायचे, दीपमालाबाई, आतल्या नुसत्या शिशाच्या पट्ट्या द्या, बाकी कचरा नको — अन् मी त्या पट्ट्या मागं उन्हात वाळत घालायचे. गोडसर लागत्यात म्हणे त्या. मी न्हाई चाखल्या. शेजारच्या सगुणामावशीच्या कालवडीनं चाटल्या. चार दिसांत आंधळी झाली, दात खात भिंतीला डोकं लावून उभी ऱ्हायची, अन् गेली. एकटी म्हातारी, त्या कालवडीच्या दुधावर पुढचं समदं ठरवून बसल्ती. अन् मी काय केलं? मीच म्हणलं, मावशे, साप चावला आसंल. माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली. अजून सणावाराला पुरणपोळी धाडती मला — घास उतरत न्हाई, भाऊ, बिलकुल उतरत न्हाई. मालकालाबी सांगितलं न्हाई मी हे.

तुम्हाला कशाला सांगून बसले?

काय म्हणलात? मावशीला सांगाल? बॅटऱ्या न्हाई दिल्या तर जाऊन सांगाल? बरं. सांगा की — पट्ट्या कोण नेत व्हतं तेबी सांगा मंग. न्हाई, थांबा. तुम्ही कशाला. तीन साल झाले, मावशीच्या दारापस्तोर जाते अन् मिठाचं निमित्त करून माघारी येते. शरम वाटती मला. आज जाते. ह्या वक्ताला ती ओट्यावर ज्वारी निवडत बसलेली असती.

शटर ओढायचंय. व्हा बाजूला.