थेंब फुटतात, बाळ नाही

हॅलो?… हॅलो, ताई? जरा मोठ्याने बोल, टाकीपाशी उभी आहे, पंप धडधडतोय… हो… हो, ऐकतेय… सकाळपासून? अजिबातच नाही? पाणी पिऊन कुशीवर पडून बघितलंस?… आणि तरी बाळ हललं नाही…

मग आत जा ना! दवाखान्यात पोचलीस, डॉक्टर सोनोग्राफी करू म्हणतायत, आणि तू दारातच बसलीस?… काय? काय फुटेल?… कोण म्हणालं असं?… मी?

अगं, ऐक ना… अगं, ते तेलाचं सांगत होते मी! जमिनीतून तेल वर येतं ते पाण्यात कालवलेलं येतं. ते वेगळं करायला आम्ही त्यात अल्ट्रासाउंड सोडतो, एवढंच बोलले जेवताना… हो, 'थेंब फुटतात' म्हणाले… हो बाई, बाटली हलवूनही दाखवली. पण ते जोर जास्त झाला तर! कमी ठेवला की पाण्याचे थेंब उलट एकमेकांना चिकटतात, मोठे होऊन खाली बसतात, तेल वर राहतं…

नाही, सोनोग्राफीतल्या आवाजाच्या लाटाही तशाच असतात, पण… ताई, शब्दात नको गं पकडूस! तुझ्याकडची अगदी हळू असते. नुसती आत हाक मारायची आणि परत काय येतं ते ऐकायचं. थेंब फुटतात, बाळ नाही!… घेतली शपथ. तुझीच घेतली.

एक मिनिट हं… मिस्त्री, नको! जोर वाढवू नका! साहेबांना म्हणावं, घाई केलीत तर तेलपाणी एकजीव होईल, मग आठवडाभर सुटायचं नाही!… हं, बोल… नाही, तुला नाही ओरडले.

भाऊजी कुठेत?… अजून गाडीच लावतायत? धन्य आहे… मी कशी येऊ गं? आत्ता निघाले तरी पोचेपर्यंत अंधार पडेल. इथून मला काही म्हणजे काही करता येत नाहीये, ताई. तुझा हात धरून आत नेता येत नाही. माझीच जीभ झडो, कुठून ते शहाणपण पाजळलं!

रडू नको… इतकी वर्षं वाट बघितलीस, आणि आता दारातून परत फिरणार?… ऊठ बघू. माझ्यासाठी ऊठ… हं… शाबास. फोन चालूच ठेव. उशीपाशी ठेव.

झोपलीस?… गारच लागतं ते जेल… पडद्याकडे बघू नको, माझ्याशी बोलत राहा… डॉक्टर काय म्हणतायत?… काय? परत सांग… नाही आलं ऐकू… हा मेला पंप!… मिस्त्री, बंद करा! सगळं बंद करा!… राहू दे तेलपाणी कालवलेलं, चाचणी गेली खड्ड्यात, बंद करा म्हणते ना!

…हं. झालं बंद. आता इथे टाचणी पडली तरी ऐकू येईल. बोल, ताई. ठोके येतायत का ऐकू?

…ताई?

अजून शोधतायत?… बाजू बदलून बघितलं?… तरी नाही?

अगं, मग त्यांना म्हण ना… म्हणावं, जोर वाढवा. हवा तेवढा वाढवा, काही होत नाही, माझी बहीण म्हणते… ताई, म्हण ना त्यांना… हॅलो?… हॅलो?