एकच दुकान

बापूसो : ...आन् शिडीवरचा गडी मलाच म्हणतोय, "पावणं, बाजूला व्हा, पाटी डोस्क्यात पडंल." माझ्या आईच्या नावाची पाटी. माझ्याच उचगावच्या दुकानाम्होरं मी पावणं.

चंदना : आधी पाणी घ्या.

बापूसो : पाणी ऱ्हाऊ दे. सूनबाई, पाटी कुणी काढाय सांगितली?

स्नेहल : मीच, मामा. दुकानं आता पुण्याच्या कंपनीची आहेत. मी विकली.

बापूसो : विकली? कुठली?

स्नेहल : माझ्या नावावरची सगळी. उचगाव, इचलकरंजी, सांगली, मिरज. संध्याकाळी सांगणारच होते. पाटी आजच उतरवतील असं वाटलं नव्हतं.

बापूसो : चंदना, ही काय बोलतीया? माझं डोस्कंच बधिर झालंय. अगं, शाहूपुरीत एका फ्रीजरवर सुरू केलतं मी. बर्फातला मटार कोण खातंय म्हणून अख्खी पेठ हसलीया. सायकलीवरनं हाटेलात पोचवलाय. आन् तू न विचारता...

स्नेहल : विचारलं होतं, दिवाळीच्या आधी. निम्मा दिवस वीज नसते, जनरेटरवर भागत नाही, कंपनी दुकानं मागतेय, काय करू? पाहुण्यांनी घर भरलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, "मला काय विचारतीस, तुझी दुकानं हायत."

बापूसो : लोकांसमोर तसं म्हणायचं असतंय.

चंदना : का म्हणायचं असतंय? त्ये बी सांगा की.

बापूसो : तुला म्हाईत हाय.

चंदना : हाय की म्हाईत. बाहुबलीच्या डोंगरावर जोडीनं शेजारी मीच बसलते. मुनी महाराजांसमोर अपरिग्रहाचं व्रत घेतलंसा, जल्मात एकच दुकान ठेवीन, जादाचा हव्यास न्हाय. पोटभर रडलासा बी तवा. आन् वरीस सरायच्या आत दुसरं काढलंसा. व्रत मोडाय नको म्हणून सुनेच्या नावावर. हिची हळद निघाली नव्हती अजून. मग तिसरं, चौथं, पाचवं. तुमचा हातच थांबंना.

बापूसो : नाव तिचं हुतं. जीव माझा गेलाय त्यात. अभिनंदनला बोलवा, बघतो मी.

स्नेहल : त्यांना माहीत आहे. सह्या करताना ते माझ्या शेजारीच होते.

बापूसो : पोरगा बी? ...आन् फ्रीजरात काय ठेवणार ती लोकं?

स्नेहल : तुम्ही नका विचारू.

बापूसो : सांग.

स्नेहल : कोंबडी. मासे.

बापूसो : अरे देवा. माझ्या आईच्या नावाखाली.

स्नेहल : म्हणून तर पाटी उतरवायची अट घातली. त्यांना तीच हवी होती, गिऱ्हाईक ती बघून येतं. मी म्हटलं, पाटी घरी येणार, नाहीतर व्यवहार नाही. मामा, मीही जैनाचीच लेक आहे. सही करताना रडले मी. पण वीज जाऊन मटार वितळायचा, पोती भरून उकिरड्यावर टाकायचा, तेव्हा तिथं मी एकटी असायचे. तुम्ही सगळ्यांना सांगत होता, सुनेचं आहे. मी ते खरं धरलं.

बापूसो : मी कोर्टात जातो.

चंदना : जावा की. शपथेवर सांगा, सगळी दुकानं पयल्यापास्नं माझीच हुती म्हणून. आन् येताना बाहुबलीला उतरा. तितं बी त्येच सांगा.

(बापूसो खाली बसतात.)

बापूसो : ...शाहूपुरीचं?

स्नेहल : त्याला मी हात लावलेला नाही. ते तुमचं आहे.

बापूसो : एकच.

चंदना : व्हय. एकच.

बापूसो : स्नेहल, पाटी घरी नको आणू. शाहूपुरीतच लावाय सांग. त्या दुकानाला जरा मोठी हुईल. पर लाव.