पेटंटप्रीत्यर्थ सत्यनारायण

...आणि वर बाबा मलाच विचारतात, प्रसाद कसा झाला होता म्हणून. काय सांगू? तुम्ही बारीक अक्षरातला 'क्ष' छापलेला बघितलाय कधी? डास मारल्यासारखा दिसतो. वाशीला कल्पेशच्या डीटीपीच्या दुकानात सहा वर्षं लग्नपत्रिका लावतोय मी, खाली सगळे काका, सगळे मामा येतात ना, तिथे अर्धी भावकी नुसता डाग होऊन बसते. तर तुम्हाला सांगतो, अक्षर लहान झालं की रेघा आपोआप सरकून एकमेकींना जागा देतात, असा फॉन्ट मी बनवला. दोन वर्षं गेली. पण फॉन्ट काय, कोणीही फ्लॉपीत घालून पळवतो. म्हणून युक्तीचं पेटंट. दादरची एक कंपनी म्हणाली, अर्ज कर, लगेच नोकरीवर घेतो. म्हणजे कल्पेशच्या तावडीतून सुटका.

फोर्टातले पेटंट एजंट, श्यामसुंदर साहेब, त्यांनी एकच बजावलं, अर्ज जाईपर्यंत ही युक्ती कुठे छापून आली तर संपलं. मी कुणाला बोललो? नाही. मित्र विचारायचे काय करतोस, मी सांगायचो टायपिंग. अर्जाचा कच्चा कागद कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली बाबांकडे. आता घरात माणसाने विश्वास ठेवायचा कुणावर?

बाबांनी काम फत्ते व्हावं म्हणून सत्यनारायण घातला. कार्डं छापली, तीनशे. कल्पेशकडेच, दुकानातल्या कॉम्प्युटरवर असलेल्या माझ्याच फॉन्टात. पुढे 'चि. केयूरच्या पेटंटप्रीत्यर्थ महापूजा'. आणि मागे? मागे अख्खी युक्ती... आकृती क्रमांक तीनसकट. मी कुणाला बोललो? नाही. नेरुळची आमची अख्खी सोसायटी, ऐरोलीची आत्या, सगळ्यांना पोचलं.

बाबा म्हणतात, "अरे, नुसतं शोध शोध म्हटलं तर लोकांना कळणार काय? आणि मागची बाजू कोरीच जात होती."

कल्पेशला विचारलं, तर तो, "काका बोलले सरप्राइज हाय. आनि तू तरी मला कुठं काय सांगितलंस?"

बरोबर आहे. मी कुणाला बोललोच नव्हतो ना.

एक कार्ड पोस्टाने श्यामसुंदर साहेबांनाही गेलेलं. आले पूजेला. प्रसाद खाल्ला, हात पुसले, चष्मा लावून कार्डाची मागची बाजू दोनदा वाचली. म्हणाले, फार सोपं करून लिहिलंय वडिलांनी, मला नसतं जमलं. पण आता पेटंट विसरा. मी म्हटलं, तीनशेच आहेत हो. म्हणाले, एक पुरतं.

मग मला गॅलरीत नेलं, आवाज खाली केला.

"मुलीचं लग्न ठरलंय. आमच्यात पत्रिकेत नावं फार घालावी लागतात. हाच फॉन्ट लावाल?"

लावला. एकशे चार नावं. एकही डाग नाही.