मामांचा घडीचा चाकू

हसणार नसाल तर सांगतो. आमचं मामा, म्हंजी माझं सासरं, मिल्ट्रीतनं रिटायर झाल्यालं. शिराळ्याला असत्यात. त्यांच्या खिशात कायम एक घडीचा चाकू. त्याचं पातं लय ढिलं झालतं. एकदा पेरू कापताना ते डुगडुगायला लागलं आन् मला चेव आला.

"मामा, आणा हिकडं. खिळा जरा ठोकला की झालं."

"ऱ्हाऊ द्या पावणं, माझं चालतंय तसंच."

पर जावयाला सासुरवाडीत गप बसवतंय व्हय? मी चाकू मिटला, उंबऱ्यावर ठेवला आन् पात्याच्या खिळ्यावर हातोडी घातली. हलवून बघितलं तर अजून ढिलंच. म्हणून आणखी एक घातली. मग बायको बघत हुती म्हणून आणखी एक, चांगली जोरात.

आता पातं अजिबात हलंना. पर उघडंना पण! माझं नख मोडलं. गोडंतेल सोडलं, पकडीनं वढलं, काय उपयोग न्हाई. शेवटी मामांनी चाकू हातात घेतला, उलटापालटा करून बघितला आन् म्हणालं, "घट्ट बसलंय मातर." आन् पेरू तसाच दातानं खाल्ला.

दिवाळीला परत गेलो. बघतो तर माझी दोन वर्सांची पोरगी मामांच्या मांडीवर बसून तोच चाकू चघळतीया. सासूबाई वरडल्या, "आवं, पोरीच्या हातात चाकू काय देताय!"

मामांनी पेपरातनं मान बी वर काढली न्हाई. म्हणालं, "असू दे गं. तिच्या बापानं दुरुस्त केलाय."